एक मुक्काम पवनीला

(बी. ए. द्वितीय वर्ष)

"पवनीले? दोन दिवस? तिथं का आहे पाहाले?" चुलीतले लाकूड पुढे सारीत मायने विचारले. प्रश्न साधाच होता, पण मला उत्तर देता आले नाही. पवनीहून मी आजवर किती वेळा गेले, याची गणती नाही. मामाकडे जायचे म्हणजे पवनीच्या बसस्टँडवर उतरायचे, आलूबोंडा खायचा आणि दुसरी गाडी धरायची. एवढीच माझी पवनी! भंडाऱ्याहून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरचे गाव. आणि एकोणीस वर्षांत मी ते पाहिलेच नाही.

मित्रमैत्रिणींनो, हा विषय निघाला तो सहलीवरून. यंदा सूचनाफलकावर महाबळेश्वरच्या सहलीची सूचना लागली. वर्गणीचा आकडा वाचून आम्ही पाच जणी मुकाट्याने बाजूला झालो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ती वर्गणी म्हणजे मायच्या पंधरा दिवसांच्या रोवणीची मजुरी. ती मागण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि खरे सांगायचे तर मागावी असे वाटलेही नाही. पण "आपणही कुठेतरी जाऊ" हा विचार मात्र मनातून जाईना. त्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला सरांनी पवनीचे नाव घेतले.

सरांनी सांगितले ते ऐकून मी चकित झाले. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल 1972 मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक ज्या उंचवट्यावर देवदर्शनाला जातात, त्याच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे चाळीस मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही अधिक. तेथल्या एका शिल्पात मुचलिंद नाग रिकाम्या आसनावर फणा धरून आहे. बुद्धाची मूर्ती नाही, केवळ आसन. कारण त्या काळी बुद्धाला मानवी रूपात दाखवीत नसत. सांचीचे चित्र आमच्या शाळेच्या पुस्तकात होते. पवनीचे चित्र मी कधी पाहिले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे. एखाद्या लहान गावातून शंभर वेळा गेल्याने ते गाव कळत नाही. तेथे एक रात्र मुक्काम करावा लागतो. मुक्काम करायचा ठरवला की प्रश्न पडू लागतात. जेवायचे कुठे? सकाळी पाणी कुठे मिळेल? टेकडीवर कोण घेऊन जाईल? रात्री गाव काय करते? हे प्रश्न माणसांनाच विचारावे लागतात, आणि तेथूनच ओळख सुरू होते. महाबळेश्वरला सारे प्रश्न सहलीच्या कंत्राटदाराने आधीच सोडवलेले असतात. आपण फक्त खिडकीपाशी बसायचे.

आम्ही पाच जणींनी वहीत आखलेली योजना अशी. शनिवारी सकाळचे तास आटोपून पहेला-अड्याळमार्गे एस. टी.ने पवनी. 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा तो खर्च फार नाही. दुपारी जुना परकोट आणि खंदक पाहायचा. गावाच्या तीन बाजूंना तट, चौथ्या बाजूला वैनगंगा. संध्याकाळी वैजेश्वर घाट. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी जगन्नाथ टेकडी, मग विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र गणेशाचे दर्शन, आणि दुपारच्या गाडीने परत. दिवस थंडीचे धरायचे. पावसाळ्यात वरच्या अंगाला असलेल्या गोसीखुर्द धरणाची दारे उघडली की वैनगंगेचा भरवसा नाही. 2020 च्या ऑगस्टमधला पूर या जिल्ह्यात कोण विसरेल?

योजना तयार झाली आणि एका शब्दावर अडली. तो शब्द म्हणजे "रात्री". माझा भाऊ मित्रांबरोबर दंडार पाहायला जातो, रात्रभर बाहेर राहतो, त्याला कोणी काही विचारीत नाही. आम्ही पाचही जणींना मात्र घरून एकच उत्तर मिळाले: "दिवसा जा, दिवे लागण्याच्या आत घरी या." आईबापांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परंतु त्या काळजीची किंमत दर वेळी मुलीनेच का मोजावी?

काही जण म्हणतील, पवनीला पाहण्यासारखे उरले आहे काय? उत्तम शिल्पे संग्रहालयांत गेली, टेकडीवर दगडविटाच दिसायच्या. हे काही अंशी खरे आहे. पण गाव म्हणजे केवळ शिल्पे नव्हेत. आणि मायच्या प्रश्नाचे उत्तर मला अखेर मायकडूनच मिळाले. मी सहज विचारले, "तू लहानपणी पवनीला जायची का?" तेव्हा हातातले काम थांबले. माहेरची सारी माणसे शिवरात्रीला पायी घाटावर यायची, शिदोरी बांधलेली असायची, येताना काचेच्या बांगड्या घ्यायच्या, असे कितीतरी ती सांगत राहिली. ते तिचे माहेर आज नाही. राजीव गांधींच्या हस्ते 1988 साली ज्या धरणाचे भूमिपूजन झाले, त्याच्या पाण्यात ते गाव गेले. मामाचे आताचे घर पुनर्वसनातल्या नव्या वस्तीत आहे. तेथे रस्ते सरळ आहेत, पण मायला अजून ते माहेर वाटत नाही. इतकी वर्षे मी मामाकडे जात होते, आणि हे तिला कधी विचारलेच नव्हते.

म्हणून गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. दरवर्षीची मोठी सहल जरूर न्यावी. पण तिच्याबरोबर जिल्ह्यातल्याच एखाद्या गावी एक मुक्कामाची लहान सहलही ठेवावी. सोबत एक प्राध्यापिका असाव्यात, मुक्काम एखाद्या शाळेत किंवा ओळखीच्या घरी असावा, आणि शिधा आम्ही घरून आणू. मग "रात्री" हा शब्द इतका जड राहणार नाही, आणि सूचनाफलकापासून कोणाला मुकाट्याने बाजूला व्हावे लागणार नाही.

आमची वही अजून तशीच आहे. पाचांपैकी दोघींना परवानगी मिळाली आहे. मी अजून त्यांत नाही. परवा मात्र मायने विचारले, "घाटाच्या पायऱ्या अजून तशाच आहेत का वं?" मी म्हटले, "पाहून येऊन सांगते." ती "नको" म्हणाली नाही.