सांबाराचा अभिमान आणि उसळीचा विसर

तंजावरास पाय ठेवणाऱ्या महाराष्ट्रीय माणसास पहिल्या चोवीस तासांच्या आत एक कथा हटकून ऐकावी लागते, आणि ती सांगणारा बहुधा दुसरा महाराष्ट्रीयच असतो. तंजावरचे मराठा राजे शाहजी यांच्या मुदपाकखान्यात आमटी रटरटत असता कोकम संपले, भांबावलेल्या आचाऱ्याने हाताशी असलेल्या चिंचेचा कोळ तीत ओतला, त्या दिवशी पंक्तीस छत्रपती संभाजी महाराज होते आणि त्यांच्या गौरवार्थ त्या नव्या आमटीस ‘सांबार’ हे नाव पडले, अशी ती कथा. ऐकावयास ती मोठी रसाळ आहे, आणि एखाद्या प्रवाशाने शहानिशा न करता ती गाठीस बांधून नेली तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु शाहजीराजे गादीवर आले ते १६८४ साली आणि संभाजी महाराजांचा अंत झाला तो १६८९ साली, आणि या मधल्या पाच वर्षांत औरंगजेबाच्या फौजांशी झुंजणाऱ्या त्या राजास चुलतभावाच्या पंक्तीला एवढ्या दूर येऊन बसण्याची उसंत लाभली असेल, हे मानण्यास माझे मन तरी धजत नाही. शिवाय, ज्या देशात गावोगाव वेशीवर चिंच उभी आहे, त्या देशाच्या आचाऱ्यास चिंचेची ओळख कावेरीकाठी येऊन व्हावी, हा त्या झाडावर उघड अन्याय आहे. नावाचे म्हणाल तर, ‘संभार’ म्हणजे जमा केलेली सामग्री हा संस्कृत शब्द मसाल्याच्या वाटणास पुरेसा जवळचा आहे, आणि आमच्या विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. तेथे कोणी संभाजीराजांस जेवावयास बोलाविल्याचे ऐकिवात नाही.

हा विषय मी उकरून काढला तो कोणाच्या अभिमानास धक्का लावण्यासाठी नव्हे. आपल्या अभिमानाने पातेले चुकविले आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. सांबारात शिजते ती तूर, आणि तूर हे काही तंजावरच्या चिखलाचे मुख्य पीक नव्हे. ती पिकते लातूर-कलबुर्गीकडील कोरडवाहू काळ्या रानांत, तेव्हा सांबाराचे महाराष्ट्राशी नाते ज्यांना जोडावयाचेच आहे त्यांनी ते दरबारात न शोधता तुरीच्या पोत्यात शोधावे हे बरे. महाराष्ट्रातून जे लोक शाहजीराजांचे वडील व्यंकोजीराजे यांच्या मागोमाग या मुलखात आले, त्यांच्या बायकांनी पदराला बांधून आणलेली खरी विद्या निराळीच होती: कडधान्य अख्खे भिजवावे, फडक्यात बांधून त्याला मोड आणावे, आणि डाळीच्या पाण्यासारखे भातावर न ओतता पानात मानाने वाढावे. ती विद्या म्हणजे उसळ. आणि तिच्यासाठी मात्र कोणी कथा रचलेली नाही.

गेल्या मार्गळी महिन्याच्या अखेरीस, म्हणजे आपल्या पौषात, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी रुमाल चाळण्याच्या निमित्ताने माझा मुक्काम राजवाड्याच्या जवळच एका मराठी घरात पडला होता. भोगीचा दिवस होता. घरच्या आजी ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे रात्रभर भिजलेल्या मोच्चैने भरलेले पितळी पातेले होते. मोच्चै म्हणजे आपला वालच, किंचित टपोरा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाणा धरावयाचा, पाठीकडून अलगद दाब द्यावयाचा, की साल बोटांत राहते आणि फिकट हिरवी, ओलसर डाळिंबी टपकन सुपात पडते. मी समोर बसून हात लावला. पहिले चार दाणे चुरडले, पाचवा उडून कोनाड्यात गेला. “तुमच्याकडे आता कोणी सोलत नाहीत वाटतं?” असे त्यांनी तमिळ हेल असलेल्या आपल्या जुन्या मराठीत विचारले, आणि कोकणातल्या माझ्या आत्याचे नाव पुढे करून मी वेळ मारून नेली. ह्याच सोललेल्या दाण्याला तमिळ लोक पिदुक्कु परुप्पु म्हणजे पिळून काढलेली डाळ म्हणतात; कर्नाटकात हाच हितकिद अवरेकाळू होतो; आणि आमच्या प्रभू मंडळींच्या घरी याचेच बिरडे होते. भाषा तीन, पण चिमूट एकच, आणि ती कोणी कोणाला शिकविली हे ठरविण्यास कोणत्याही दप्तरात कागद सापडावयाचा नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाल, पावटा, घेवड्याच्या बऱ्याच जाती, तमिळांची अवरै आणि मोच्चै ही एकाच वेलाची संतती आहे. हा वेल या देशात किती जुना, याची साक्ष संघम् काळातील पुरनानूरु या संग्रहातील एका कवितेत मिळते, जिच्यात कवी आपल्या कोरड्या मुलखाचे अन्न मोजताना वरगु, राळा, हुलगा आणि अवरै या चारांपलीकडे पाचवे नावच घेत नाही. याउलट ज्याला आज तंजावरच्या मंडईत नुसते ‘बीन्स’ म्हणतात आणि आपण फरसबी किंवा श्रावणघेवडा म्हणतो, तो आणि त्याचा वाळलेला दाणा राजमा, हे दोघे अमेरिका खंडाचे रहिवासी. कोलंबसानंतर यूरोपीयांच्या गलबतांतून ते जगभर पसरले. अन्नाची अशी कुळकथा निघाली की व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास राहून भोजनकुतूहलासारखा पाकविषयक संस्कृत ग्रंथ सिद्ध करणाऱ्या रघुनाथपंडित नवहस्तांची आठवण येथे अनिवार होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी त्या ग्रंथावर लिहून ठेवले नसते तर आपण त्या पंडितासही सांबाराच्या वाफेत विसरलो असतो. वैद्यकात चरकाने शमीधान्यांत, म्हणजे शेंगांतल्या धान्यांत, मूग सर्वांत पथ्यकर आणि उडीद सर्वांत अपथ्यकर ठरविला आहे. इडलीवर पोसलेल्या या शहरात तो निवाडा मोठ्याने वाचून दाखविण्याचे धाडस मी केले नाही.

कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात कडधान्य हे भाताच्या पाठीवर बसून येणारे पीक आहे. सांबा किंवा ताळडी हंगामाचे भात कापणीला आठ-दहा दिवस उरले असता, उभ्या पिकातच ओलसर चिखलावर उडीद अथवा मूग फेकून पेरतात. नांगर नाही, कुळव नाही, पुढे पाटाचे पाणीही बहुधा नाही. भात कापून नेला की धसकटांतून ती कोवळी रोपे डोके वर काढतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढतात, आणि सत्तर-एक दिवसांत शेंगा काळवंडतात. मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजंतू हवेतला नत्र बांधतात, त्याचा अंश पुढच्या भाताला मिळतो. आडुतुरै येथील भातसंशोधन केंद्राने भातानंतरच्या याच ओलीसाठी उडदाचे व मुगाचे वाण मुद्दाम सिद्ध केले, ही त्या संस्थेची दूरदृष्टी. पण कापणीला विळ्याऐवजी यंत्र आल्यापासून त्याच्या पट्ट्याखाली ही कोवळी रोपे चिरडली जातात, आणि ज्या पिकाला कोणी पिकाचा दर्जाच दिला नव्हता त्याच्या नुकसानीची बोंब मारणार कोण? पंचनामा होतो तो भाताचा.

शेतात जी वागणूक, तीच ताटात. तंजावरच्या सामान्य जेवणाचे पान पाहा: भाताचा डोंगर, त्यावर सांबार, मग भात आणि रसम्, मग भात आणि ताक. एक वाटी, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत चौघांचे सांबार होते. त्या डाळीत प्रथिन बावीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माणशी साडेपाच ग्रॅम, आणि तेही डाव वरवरचा न फिरता तळापर्यंत गेला तर. तेच पन्नास ग्रॅम कोरड्या वालाची किंवा हुलग्याची उसळ एकट्याने खाल्ली तर दहा-अकरा ग्रॅम प्रथिन, वर भरपूर तंतू, फोलेट आणि लोह. तांदळाच्या प्रथिनात लायसिन उणे असते आणि मेथिओनिन पुरेसे. कडधान्यांत नेमके याच्या उलट. त्यामुळे दोघांचे एकत्र येणे हा आहारशास्त्रातला नमुनेदार विवाहसंबंध आहे, फक्त वरपक्ष एकटाच सगळे पान अडवून बसला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी दिवसाची थाळी आखून दिली, तीत धान्य अडीचशे ग्रॅम असून डाळी-कडधान्ये, अंडी, मांस मिळून ८५ ग्रॅम आहेत. शाकाहारी घराला हा आकडा पातळ वरणाने गाठता येत नाही. देशात दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले आहे, आणि कडधान्याने रक्तातील साखर भातासारखी झपाट्याने चढत नाही, ही गोष्ट आता कोणत्याही दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली सापडते. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि पुढे १० फेब्रुवारी हा दिवस त्यांना वाहिला. त्या दिवशी भाषणे होतात आणि नंतर चहासोबत बिस्किटे देतात.

पोटात वायू धरतो ही तक्रार खोटी नाही. त्या दाण्यांतल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जंतू त्या आंबवितात, आणि मग जे व्हावयाचे ते होते. पण भिजवलेले पाणी टाकून देणे, मोड आणणे, फोडणीत हिंग आणि शेवटी लिंबू हा जो क्रम आपल्या आज्यांनी ठेवला, तो या तक्रारीचाच लेखी जबाब होता: भिजवण्याने त्या शर्करा घटतात, मोडांनी लोह अडवून धरणारे फायटेट उतरते, आणि लिंबातले जीवनसत्त्व ते लोह अंगी लावते. राजमा मात्र पुरता न उकळता खाऊ नये, त्याच्या कच्च्या दाण्यातले विष जुलाब-वांत्यांनी आपली ओळख करून देते. माझे स्वतःचे पोट या शहरात एकदाच बिघडले, आणि ते एका उपाहारगृहात, ज्याचे नाव मी घेत नाही, अर्धकच्चे ‘पौष्टिक’ राजमा-सॅलड खाल्ल्याने.

गंमत ही की तमिळ घरांना अख्खे कडधान्य परके मुळीच नाही. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलु मांडतात आणि रोज संध्याकाळी नवे सुंडल होते: आज काळे हरभरे, उद्या चवळी, परवा मोच्चै, तेरवा मूग; फोडणीला मोहरी, लाल मिरची, कढीलिंब, हिंग आणि वर ओल्या खोबऱ्याचा कीस. द्रोणात घातलेले ते गरम सुंडल घेऊन शेजारणी घरी जातात, मुले वाटेतच फस्त करतात. नऊ दिवस या शहराइतके उत्तम खाणारे शहर मला दुसरे ठाऊक नाही. दशमीला बाहुल्या पेटीत गेल्या की कडधान्येही पेटीत जातात. रोजच्या स्वैपाकात उरते ती उसिली, जिचे नाव उसळीचे भावंड शोभावे असे आहे, पण जिच्यात फरसबी किंवा गवारीवर वाटलेल्या, वाफवलेल्या डाळीचा मोकळा चुरा असतो. आमच्या वाटल्या डाळीने तिला लगेच ओळखावे. सरकारलाही ही गोष्ट अवगत आहे: १९८२ साली विस्तारलेल्या शाळेतील मध्यान्ह भोजनात उकडलेले हरभरे किंवा मूग मुलांना ठरावीक दिवशी मिळतात. पण शिधापत्रिकेवर स्वस्तात मिळते ती तूरडाळच. ज्या जिल्ह्याच्या शेतांत उडीद-मूग पिकतो, त्या जिल्ह्याच्या शिधा-दुकानात अख्खा मूग, हुलगा आणि मोच्चै का मिळू नयेत, हा प्रश्न मी येथील कोणा आमदाराने विधानसभेत विचारावा म्हणून लिहून ठेवतो. आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांनी फार हुरळू नये म्हणून हेही लिहितो की मिसळीच्या नावाखाली आपण शेव-फरसाणाच्या ढिगात मटकीचे जेमतेम वीस दाणे पुरतो आणि त्याला परंपरा म्हणतो.

मराठी अमदानीत रामेश्वराच्या वाटेवर जी छत्रे उभी राहिली, ओरत्तनाड येथील मुक्तांबा छत्र त्यांपैकीच, तेथे वाटसरूला शिजलेले अन्न मिळे आणि परक्या हातचे न खाणाऱ्यास कोरडा शिधा. आज त्या दगडी चौकातून फिरताना मला त्या शिध्याच्या पुड्यात काय काय बांधले असेल याचीच उत्सुकता लागून राहते. तांदूळ असणारच. काशीहून पायी आलेल्या यात्रेकरूस पुढचे मुक्काम गाठावयाचे असत, आणि मूठभर मूग रात्री धोतराच्या टोकात भिजत बांधून ठेवला की सकाळी चालता चालता खाता येतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसणार.

त्या भोगीला आजींच्या घरी दोन पातेली चुलीवर होती. एकात तिळाचे कूट घातलेली आपली भोगीची भाजी, वांगे, गाजर, ओले हरभरे आणि सोललेल्या मोच्चैसह. दुसऱ्यात दुसऱ्या दिवशीच्या पोंगलसाठी चिंच-गुळाच्या कुळंबूची तयारी, आणि तीतही मोच्चै. साडेतीनशे वर्षे ही दोन पातेली शेजारी शेजारी शिजत आली, आणि त्यांच्यात कोणी पाहुण्या राजाला आणून बसवण्याची गरज त्या माउलीला कधी भासली नाही. जेवण झाल्यावर सालींचे सूप गाईपुढे रिकामे करून त्या आत आल्या, फडताळातले चार डबे खाली काढले आणि म्हणाल्या, “उद्या पोंगल. परवासाठी काय भिजवू?” काळे उडीद होते, चवळी होती, मूग होता. मी हुलग्यांकडे बोट दाखवले. घोड्याचा खुराक मागणारा पाहुणा म्हणून घरातली सगळी मुले माझ्याकडे पाहून हसली, आणि आजींनी दोन मुठी मोजून पातेल्यात टाकल्या.