घरी बनवलेली टू-स्ट्रोक रेसिंग बाईक : ट्रॅकवर खेळ, रस्त्यावर गुन्हा

भर चौकात रस्त्यावर ओळीनं मांडलेले सायलेन्सर आणि त्यांच्यावरून फिरणारा रोड रोलर. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये पोलिसांनी केलेल्या अशा कारवाईचे व्हिडिओ दर काही महिन्यांनी व्हायरल होतात. खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, "बरं झालं, झोप मोडली होती पोरांनी." दुसरा म्हणतो, "छंद आहे तो, चोरी नाही."

त्या ढिगात बहुतेक माल बुलेटचा असतो. पण मधूनच एखादा वेगळा पाईपही दिसतो. मध्ये फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला आणि जागोजागी वेल्डिंगचे व्रण असलेला. तो कंपनीचा नसतो, कुणीतरी पत्रा कापून घरी बनवलेला असतो. टू-स्ट्रोक रेसिंगचं सगळं गणित त्याच पाईपमध्ये असतं आणि कायद्याशी भांडणही तिथूनच सुरू होतं.

टू-स्ट्रोकच का?

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. इंजिन ९८ सीसी, ताकद ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. गाडी बंद होऊन तीन दशकं होत आली, तरी चांगल्या स्थितीतली आरएक्स आज मूळ किमतीच्या कितीतरी पट भावानं विकली जाते. सुझुकी एएक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० या तिच्याच काळातल्या गाड्या.

फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन असा सगळा पसारा असतो. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तो नसतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक हेच मुख्य हलणारे भाग. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणं आणि धूर बाहेर टाकणं हे काम सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, करतात. पिस्टन वर-खाली होताना ती उघडतात आणि बंद होतात. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, इथं प्रत्येक फेरीला पडते.

याचा अर्थ असा की पोर्टचा आकार बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो, आणि पोर्टचा आकार बदलायला कारखाना लागत नाही. कानस, हँड ग्राइंडर, व्हर्नियर आणि ओळखीचा लेथवाला एवढ्यावर काम होतं. म्हणूनच ही कला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टिकून राहिली.

नेमकं काय बदलतात?

पहिलं काम पोर्टिंगचं. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड थोडी वर नेली की धूर लवकर बाहेर पडतो आणि इंजिन जास्त आरपीएमपर्यंत पळतं. पण खालची ताकद जाते. ट्रॅकवर झेप घेणारी तीच गाडी बाजारातल्या गर्दीत पहिल्या गिअरवर आचके देते.

दुसरं काम हेडचं. हेड लेथवर घासून कॉम्प्रेशन वाढवतात. तिसरं कार्बोरेटरचं. मोठा कार्बोरेटर बसवला की जेटही त्या मापाचा लागतो. पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि भर वेगात जाम होतो. मागचं चाक लॉक झालं की गाडी आडवी. म्हणून अनुभवी मिस्त्री फुल थ्रॉटलवर पळवून गाडी थांबवतो आणि आधी प्लग काढून त्याचा रंग बघतो. तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, पांढरट पडला तर धोका.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे तो फुगलेला पाईप. त्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात.

पाईपमुळे ताकद कशी वाढते?

टू-स्ट्रोकची जुनी खोड अशी की धुरासोबत थोडं ताजं, न जळलेलं मिश्रणही बाहेर निसटतं. पाईपचा रुंद होत जाणारा भाग आधी सिलिंडरमधला धूर खेचून घेतो. मग दाबाची लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून उलटी फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या ऐन क्षणी निसटलेलं मिश्रण परत आत ढकलते. लाट कधी परतणार हे पाईपच्या लांबीवर ठरतं. काही मिलिमीटरचा फरक पडला तरी ताकद भलत्याच आरपीएमला येते.

हे शास्त्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात पुढे नेलं. १९६१ सालापर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनातून सुमारे २५ हॉर्सपॉवर मिळू लागली होती. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेलं. १९६२ साली सुझुकीनं डेगनरच्याच हातून ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद पटकावलं. एका देशानं जपलेलं गुपित आज गल्लीतला वेल्डर पत्र्यातून कापतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. आवाज म्हणजे ताकद नव्हे. ताकद पाईपच्या आकारातून येते. शेवटी नीट मफलर लावला तरी ती फारशी कमी होत नाही. उलट कंपनीच्या सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली की आवाज वाढतो, पण गाडी बऱ्याचदा मंदावते. म्हणजे रात्री अकरा वाजता कॉलनी जागी करणाऱ्या अनेक गाड्या मुळात वेगवानही नसतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं दिलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर शिक्षा अशा आहेत :

- बेकायदा बदल (कलम १८२अ) : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.
- आवाज आणि धुराचे नियम मोडणं (कलम १९०) : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.
- सार्वजनिक रस्त्यावर शर्यत (कलम १८९) : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड (कलम १९९अ).

जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे चलनावरचा आकडा वेगळा दिसू शकतो. पण खरा फटका पुढेच बसतो. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेले बदल निघाले, तर विम्याचा दावा अडकू शकतो. आणि ब्रेकचं काय? ११ हॉर्सपॉवरसाठी बनवलेले ड्रम ब्रेक वाढलेल्या वेगाला पुरत नाहीत. इंजिनावर पैसे ओतणारे ब्रेक आणि टायरवर मात्र हात आखडता घेतात.

मग हौस फेडायची कुठे?

रस्ता आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही केंद्र सरकारची मान्यता असलेली संस्था आहे. तिचं स्पर्धा लायसन्स घेऊन अधिकृत शर्यतीत उतरता येतं. तिथं गाडीची तपासणी होते, हेल्मेट-सूट सक्तीचे असतात, ट्रॅकवर ॲम्ब्युलन्स उभी असते. अशा गाड्या टेम्पोत टाकून नेतात, रस्त्यावर चालवत नाहीत.

अडचण अंतराची आणि पैशाची आहे. मोटरसायकल रोडरेसिंगची देशातली मुख्य केंद्रं चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टई ट्रॅक आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, दोन्ही तमिळनाडूत. पुण्याहून चेन्नई साधारण १,२०० किलोमीटर. टेम्पोचं भाडं, एंट्री फी, रेसिंग सूट, सुटे भाग आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब मांडला की गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा घरीच थांबतो. आणि मग रात्री बायपासवर 'टेस्ट' घ्यायला निघतो.

त्याला माफी नाही. बायपासवर समोरून येणाऱ्या दुचाकीवर कुणाचं तरी कुटुंब असतं. पण रोड रोलरनं फक्त पाईप चपटा होतो, तो पुन्हा चार दिवसांत तयार होतो. वर्षातून चार-सहा वेळा एखादी बंद धावपट्टी किंवा मोकळं मैदान, तपासणी करणारे अधिकारी, एक ॲम्ब्युलन्स आणि परवडेल अशी फी एवढं जिल्ह्याच्या आसपास मिळालं, तर यातली बरीच पोरं गाडी टेम्पोत टाकून तिकडं जातील. न जाणाऱ्यांवर कारवाई करताना मग पोलिसांनाही सांगता येईल, "जागा दिली होती, तू आला नाहीस."