विश्लेषण : अमेरिकी अध्यक्षांच्या सहीची मुदत चारच वर्षांची?

२० जानेवारी २०२५. शपथविधी होऊन काही तास झाले होते. वॉशिंग्टनमधील एका बंदिस्त क्रीडा संकुलात हजारो समर्थकांसमोर छोटे टेबल मांडले होते. तेथे बसून डोनाल्ड ट्रम्प यांनी पहिली सही केली, ती जो बायडेन यांचे ७८ आदेश व निर्णय रद्द करण्यासाठी. त्याच टेबलावर पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णयही झाला. सह्या आटोपल्यावर ट्रम्प यांनी पेने गर्दीत भिरकावली. समर्थकांना ते फार आवडले. पण ओबामांपासूनच्या अमेरिकी कारभाराचे दुखणेही त्या टेबलावरच होते. एक अध्यक्ष सही करतो, पुढचा ती खोडतो आणि या खाडाखोडीचा भुर्दंड बऱ्याचदा अमेरिकेबाहेरच्यांना बसतो.

संसदेला वळसा का?

अमेरिकी राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय कराराला ‘ट्रीटी’चा दर्जा हवा असेल तर सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोनतृतीयांश जणांची, म्हणजे सर्व १०० हजर असतील तर ६७ जणांची संमती लागते. साध्या विधेयकावरची चर्चा संपवून ते मताला टाकायचे तरी बहुतेक वेळा ६० मते हवीत. दोन्ही पक्ष जवळपास समसमान असलेल्या सभागृहात हे आकडे गाठणे महाकठीण. बराक ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे २००९-१० मध्ये काही महिने ६० मते होती. आरोग्यविमा कायदा मार्गी लागला तो त्याच काळात. नोव्हेंबर २०१० मध्ये पक्षाने प्रतिनिधिगृहातील ६३ जागा गमावल्या आणि ओबामांनी पेन उचलले. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेल्या तरुणांना संरक्षण (२०१२), पॅरिस करार, इराण करार हे सगळे संसदेच्या मंजुरीविना झाले.

ओबामांवर हुकूमशाहीचा ठपका ठेवणाऱ्या रिपब्लिकनांनी सत्तेत आल्यावर तीच वाट धरली. ओबामांनी आठ वर्षांत २७० हून अधिक कार्यकारी आदेश काढले, ट्रम्प यांनी पहिल्या चार वर्षांत २२०. दुसऱ्या कार्यकाळात त्यांनी एकट्या २०२५ मध्येच दोनशेचा आकडा ओलांडला.

इराण करार कुठे फाटला?

जुलै २०१५ मध्ये व्हिएन्नात इराण, सुरक्षा परिषदेचे पाच स्थायी सदस्य, जर्मनी आणि युरोपीय महासंघ यांच्यात करार झाला. इराणने युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांच्या वर न्यायचे नाही, साठा ३०० किलोच्या आत ठेवायचा आणि बदल्यात निर्बंध उठायचे. तो ‘ट्रीटी’ म्हणून सिनेटपुढे गेलाच नाही, कारण ६७ मते मिळणार नव्हती. त्याआधी मार्चमध्ये सिनेटर टॉम कॉटन यांच्या पुढाकाराने ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी थेट इराणच्या नेत्यांना खुले पत्र लिहिले होते : हा करार पुढचा अध्यक्ष एका सहीने मोडू शकतो. परराष्ट्र धोरणात असा आगाऊपणा क्वचितच झाला असेल. पण पत्रातील माहिती खरी होती.

मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी करार सोडला. तोवर इराण अटी पाळत असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक सांगत होते. ट्रम्प यांचे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. काही अटींना मुदत होती आणि क्षेपणास्त्रांचा विषय बाजूला राहिला होता. पण जुना करार फाडून नवा आणायचा असतो. तो आलाच नाही. इराणने २०१९ पासून मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत मजल मारली.

बायडेन यांनी बोलणी सुरू केली तेव्हा तेहरानची एक मागणी होती, पुढचा अध्यक्ष हा करार मोडणार नाही याची हमी द्या. बायडेन ती देऊ शकत नव्हते, कारण कोणताच अमेरिकी अध्यक्ष ती देऊ शकत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहानवर हल्ले केले तेव्हा इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियमचा साठा ४०० किलोंवर गेलेला होता.

भारताला झळ किती?

वॉशिंग्टनच्या निर्णयामुळे मे २०१९ नंतर भारताने इराणकडून तेल घेणे थांबवले. चाबहार बंदराची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मे २०२४ मध्ये भारताने या बंदरासाठी दहा वर्षांचा करार केला, पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेने निर्बंधांतील सवलत काढून घेतली आणि नंतर सहा महिन्यांची मुदत दिली. दहा वर्षांचे बंदर सहा महिन्यांच्या परवानगीवर कसे चालवायचे?

‘एच-१बी’चा अनुभव पुण्या-मुंबईतील अनेक घरांना आला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, एक लाख डॉलर शुल्काच्या घोषणापत्रावर सही झाली आणि रविवारपासून अंमल. सुटीवर भारतात आलेल्या अभियंत्यांची परतीच्या विमानांसाठी पळापळ झाली. हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, असा खुलासा शनिवारी आला. या व्हिसाधारकांत भारतीय सुमारे ७० टक्के आहेत. साधे मोबाइल अ‍ॅप बदलतानाही आधी चाचणी होते. येथे लाखो लोकांचे आयुष्य बदलणारा नियम थेट चालू झाला.

मग टिकते काय?

निवडून आलेल्या अध्यक्षाने धोरण बदलायचे नाही का, असा युक्तिवाद होतो. बदलावे, मतदार त्यासाठीच मत देतात. प्रश्न आहे तो दुसऱ्या देशाला दिलेल्या शब्दाचा.

नुसता कायदा झाला म्हणूनही सगळे टिकत नाही. बायडेन यांचा २०२२ चा हवामान-गुंतवणूक कायदा सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या एका मताने तरला. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यातील करसवलतींना कात्री लावली, तीही उपाध्यक्षांच्या एका मतानेच. उलट चीनवरचे आयातशुल्क ट्रम्प यांनी लावले आणि बायडेन यांनी ठेवले, काही ठिकाणी वाढवलेही. अफगाणिस्तानातून बाहेर पडण्याचा तालिबानशी झालेला करार ट्रम्प यांचा, अंमलबजावणी बायडेन यांची. काबूलमधील त्या माघारीचे हसे झाले, पण निर्णय उलटला नाही. विरोधी पक्षालाही जे हवे असते किंवा निदान चालते, ते टिकते. ‘नाटो’तून कोणत्याही अध्यक्षाने एकट्याच्या मर्जीने बाहेर पडू नये, अशी कायदेशीर तरतूद २०२३ मध्ये याच भीतीपोटी झाली. तिच्या दोन पुरस्कर्त्यांपैकी एक होते मार्को रुबियो, आज ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री!

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागले तेही संसदेत मतदान न होता. अशा आदेशाने लागलेले शुल्क आदेशानेच उतरले, तर ते पुन्हा चढायलाही आदेशच पुरेल. म्हणून व्यापार कराराच्या बोलणीत शुल्क किती टक्के, याइतकाच त्यावर अमेरिकी संसदेची मोहोर उमटणार का, हा प्रश्न नवी दिल्लीने विचारायला हवा. वेळ लागेल, कटकट होईल. नागरी अणुकरारालाही जुलै २००५ ते ऑक्टोबर २००८ अशी तीन वर्षे लागली. तेव्हा अमेरिकेतील भारतीयांनी, त्यांत अनेक मराठी डॉक्टर-उद्योजकही होते, आपापल्या खासदारांचे उंबरे झिजवले. प्रतिनिधिगृहात २९८ विरुद्ध ११७ आणि सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ मतांनी तो मंजूर झाला. त्याआधारे एकही अमेरिकी अणुभट्टी भारतात अद्याप उभी राहिलेली नाही. पण बुश यांच्यानंतर आलेल्या ओबामा, ट्रम्प, बायडेन यांपैकी एकानेही तो करार मोडला नाही.