बंदीला जात नाही, मग वैरणीला का?

अंबाजोगाईकर बंधू-भगिनींनो,

पुन्हा एक गोऱ्हा रात्रीत रस्त्याकडेला सोडून दिला गेला. मागचा पाय मोडलेला, डोळ्यांवर माशा. सकाळी माणसं जमली, कुणी बादलीभर पाणी आणलं, दोन ठिकाणी फोन लावले. दोन्हीकडून पहिला प्रश्न एकच आला : "देशी आहे का?" नव्हता. जर्सी होता. दुपारपर्यंत तो तिथंच पडून होता.

जनावर टाकून देणं पाप आहे हे सांगायला हे पत्रक काढलेलं नाही. ते तुम्ही जाणता. हे पत्रक आहे त्या एका प्रश्नाविरुद्ध.

आधी शांतपणे कायदा पाहू. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. या कायद्यात देशी-विदेशी असा भेद नाही. लालकंधारीला जी बंदी लागू, तीच जर्सीच्या गोऱ्ह्याला. नेकनूरच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं, तेही असा भेद न करता. मग सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने गोशाळांना दर जनावरामागे रोज ५० रुपये द्यायचं ठरवलं, आणि तिथं मात्र अट आली : गाय देशी हवी. शेतकऱ्याचा विकायचा रस्ता बंद करताना कुणी जात विचारली नाही. वैरण टाकायची वेळ आली तेव्हा विचारली.

आणि ते ५० रुपये तरी कसे? २०१९ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या होत्या, तुमच्यापैकी कित्येकांनी तिथं मुक्काम केला आहे. तेव्हा मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये मिळत, पुढे ते १०० झाले. ती चालती-फिरती जनावरं होती. आज पांगळ्या, आंधळ्या, शिंगाच्या कॅन्सरने सडलेल्या जनावराला त्याच्या निम्मे, तेही देशी असलं तर. आता दुसरा आकडा ऐका. जनावराला उपाशी मरायला सोडून देणाऱ्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. मारलं तर पाच वर्षं, तडफडत मरायला सोडलं तर पन्नास रुपये! ज्याला हे आकडे वाचून लाज वाटत नाही, त्याने गोमातेचं नाव घेऊ नये.

"जर्सी ही गायच नव्हे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते म्हणणाऱ्याला सरळ विचारतो, सकाळचा चहा कशाचा घेतलास? १९७० नंतर दुधाचा महापूर आणायचं ठरलं, तेव्हा जर्सी आणि होल्स्टीनचं रेतन सरकारी दवाखान्यांतूनच गावोगाव पोचलं. शेतकऱ्याने ते चोरून आणलं नाही, त्याला पुढारी आणि डॉक्टर घरी येऊन सांगून गेले. त्या दुधाच्या पगारावर पोरांच्या फिया भरल्या, लग्नं झाली. त्याच गायीला कालवड झाली तर दावणीला जागा. गोऱ्हा झाला तर त्याला वशिंड नाही, मानेवर जू टिकत नाही, वैशाखाच्या उन्हात तो नांगराला धापा टाकतो, म्हणून त्याला रस्ता. दूध घेताना तुमची होती आणि लंगडी झाली की परदेशी झाली, हा हिशेब लबाडीचा आहे.

दुसरा शहाणपणा : "आधी माणसांचं बघा." बीड जिल्ह्यात हे वाक्य मी हलक्यात घेत नाही. इथली हजारो कुटुंबं दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. पण हे वाक्य बोलणारे त्यांच्यातले नसतात. ज्याला दोन एकर कोरडवाहू आहे, तो कामाच्या जोडीचा कडबा भाकड गायीला टाकतो तेव्हा त्याच्या पोटात काय तुटतं, ते त्याला विचारा. तो गुन्हेगार नाही. त्याच्यापुढे एकही दार उघडं ठेवलेलं नाही, म्हणून तो रात्री दावं सोडतो. थकलेलं जनावर उजळ माथ्याने नेऊन सोडावं अशी जागा तालुक्यात असती, तर आधी त्या माणसाची सुटका झाली असती.

अशी जागा चालवणं म्हणजे काय, हेही सांगतो. बसलेलं जनावर दिवसातून अनेकदा चौघांनी मिळून कुशीवर फिरवावं लागतं, नाहीतर अंगाखाली जखमा होऊन त्यात अळ्या पडतात. पोटातलं प्लास्टिक शस्त्रक्रिया करून काढावं लागतं. वाढदिवसाला गूळ-पोळी भरवून फोटो काढणाऱ्यांना हात जोडून विनंती : पोळ्यांचा ढीग आणि लग्नातला उरलेला भात घालू नका. त्याने पोटात आम्ल वाढतं आणि जनावर मरतं. तेवढ्या पैशांची कडब्याची पेंडी टाका.

आपल्याच जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीला शब्बीर सय्यद यांनी वर्षानुवर्षं थकली-भागली जनावरं सांभाळली, त्याबद्दल २०१९ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचं पांजरपोळ १८३४ मध्ये निघालं ते गायीसाठीही नव्हे, भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीच्या संतापातून निघालं. जखमी जीवाची जात विचारायची रीत जुनी नाही, ती आत्ता लावली जाते आहे.

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायच्या आधी आपापल्या ग्रामसभेत हा ठराव मांडा : अनुदानातली देशीची अट काढा, अपंग जनावराचा दर छावणीच्या दरापेक्षा कमी ठेवू नका, आणि तालुक्यात गायरानाची एक जागा अशा जनावरांसाठी राखून तिथं पाण्याची टाकी आणि पशुवैद्यकाची ठरलेली पाळी द्या. ठरावाची प्रत तहसील कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.