पत्ता भाकिताचा की खेळाचा?

पत्त्यांचा कॅट मराठी मध्यमवर्गीय घरात नेहमीच लोभ आणि संशय यांच्या सीमेवर राहत आला आहे. मे महिन्याच्या सुटीत बदाम सात, झब्बू आणि मेंढीकोटाचे डाव रंगतात. त्याच घरात ‘पत्ते कुटणे’ हा शब्दप्रयोग रिकामटेकडेपणासाठीही वापरला जातो. अशा घरातील महाविद्यालयीन मुलाने वा मुलीने उद्या सांगितले की, येत्या शनिवार-रविवारी ‘गेम जॅम’मध्ये भाग घेऊन टॅरोच्या पत्त्यांवर एक छोटा खेळ तयार करायचा आहे, तर पालकांच्या कपाळावर दोन आठ्या पडतील. पहिली पत्त्यांमुळे, दुसरी टॅरोमुळे. एक वाट जुगाराकडे जाते आणि दुसरी अंधश्रद्धेकडे, असा आपला समज असतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. प्रश्न केवळ एका खेळाचा नाही; आपल्या तरुणांनी भविष्याकडे कोणत्या वृत्तीने पाहावे, याचा आहे.

दोन दिवसांची कार्यशाळा

गेम जॅम म्हणजे ठरावीक मुदतीत, ऐनवेळी जाहीर झालेल्या विषयावर संगणकीय खेळ तयार करण्याचा उपक्रम. ‘जॅम’ हा शब्द संगीतातून आला आहे. पूर्वतयारीविना वादक एकत्र जमतात आणि तिथल्या तिथे काही निर्माण करतात, तसेच हे. २००२ साली अमेरिकेत याचा आरंभ झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’ या स्पर्धेने एकट्या स्पर्धकाला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. २००९ साली ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी २३ देशांतील तरुण त्यात सहभागी झाले. बहुतेक ठिकाणी मोठी बक्षिसे नसतात. मुदत संपताच प्रत्येकाने आपला खेळ सर्वांसमोर ठेवायचा, इतरांचे खेळ खेळून पाहायचे आणि मोकळेपणाने मत द्यायचे, एवढाच व्यवहार. साधनांसाठी पैसा लागत नाही. ‘गोडो’सारखी खेळ घडवण्याची प्रणाली पूर्णतः विनामूल्य आहे आणि तिचा मूळ संगणकीय मजकूरही सर्वांना खुला आहे.

परीक्षेतील गुणांवर पोसलेल्या आपल्या शिक्षणपद्धतीत जे सहसा मिळत नाही, ते येथे मिळते. एखादी वस्तू आरंभापासून शेवटापर्यंत स्वतः घडवायची, ती अनोळखी माणसाच्या हाती द्यायची आणि तिच्यातील दोष त्याच्या तोंडून ऐकायचे, हे शिक्षण कोणत्याही शिकवणी वर्गात विकत मिळत नाही.

टॅरो : आधी खेळ, मग भाकीत

आता दुसऱ्या आठीकडे वळू. आज टॅरो म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो भविष्य सांगणारा बाजार. प्रत्यक्षात हे पत्ते जन्मले ते निव्वळ खेळण्यासाठी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील सरदार घराण्यांत नेहमीच्या चार रंगांच्या कॅटाला चित्रांच्या पानांचा एक पाचवा गट जोडण्यात आला. ही पाने इतर सर्व पानांना मारीत. त्यांना ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजययात्रा, असे नाव होते. इंग्रजीतला ‘ट्रम्प’ हा शब्द त्यातूनच आला. आपण ज्याला ‘हुकूम’ म्हणतो, त्याचाच हा युरोपीय अवतार. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्त्सा घराण्यांसाठी १४५० च्या सुमारास रंगवलेल्या अशा एका कॅटातील ७४ पाने आजही जपून ठेवलेली आहेत. पूर्ण कॅट ७८ पानांचा असतो. त्यांपैकी २२ पाने चित्रांची असतात.

या पत्त्यांवर सुमारे तीन शतके डाव मांडले गेले. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने, ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानग्रंथाचे अवशेष आहेत, असे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शाँपोलियाँने ती उलगडण्याचा मार्ग दाखवला तो १८२२ साली. म्हणजे पुराव्याचा पत्ता नसताना ही कहाणी रचली गेली. त्यानंतर ‘एतेला’ या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या गृहस्थाने तिच्यावर भविष्यकथनाचा व्यवसाय उभा केला. आज सर्वत्र दिसणारी चित्रे तर १९०९ सालची, लंडनच्या रायडर प्रकाशनाची. आर्थर वेट यांच्या सूचनांवरून ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. तिला मोबदला अत्यल्प मिळाला आणि १९५१ साली तिचे निधन झाले, तेव्हा डोक्यावर कर्ज होते. तिच्या चित्रांवर पुढे केवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली, हे पाहायला ती उरली नाही.

फ्रान्स आणि ऑस्ट्रियात आजही टॅरो हा डाव मांडून, हात मोजून खेळण्याचाच प्रकार आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड मित्रांसोबत नेमाने टॅरोक खेळत असत. तेव्हा टॅरोवर खेळ बेतणारा तरुण अंधश्रद्धेच्या वाटेने चाललेला नसून, उलट त्या पत्त्यांना त्यांच्या मूळ घरी परत नेत आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

गंजिफाशी असलेले नाते

या मूळ घराचा एक दरवाजा आपल्या दिशेनेही उघडतो. युरोपात पत्ते पोहोचले ते इजिप्तच्या मामलुक राजवटीतून. त्या काळातील एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यावर प्याले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या आहेत. टॅरोचे चार रंग याच चिन्हांतून आले. भारतात गंजिफा आला तो इराणमार्गे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे.

या दोन्ही शाखांत एक विलक्षण साम्य आढळते. जुन्या टॅरोत तलवार आणि दंड या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान; परंतु प्याले आणि नाणी या रंगांत हाच क्रम उलटा. गंजिफातही नेमके हेच. अर्ध्या रंगांत क्रम सुलटा, अर्ध्यांत उलटा. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी टॅरोच्या खेळाचा सखोल इतिहास १९८० साली ग्रंथरूपाने मांडला. इतका आडवळणाचा नियम दोन ठिकाणी योगायोगाने जन्मावा, हे संभवत नाही. दोघांचा पूर्वज एकच असला पाहिजे.

आपल्याकडे या खेळाने दशावताराचे रूप घेतले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पत्ते. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी ही कला जपली. ती लोप पावण्याच्या बेतात असताना १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा उभी केली. आज हे पत्ते भिंतीवर शोभेसाठी लावले जातात, भेट म्हणून दिले जातात. पण ते खेळता येणारी घरे किती उरली आहेत? चित्र वाचले आणि डाव हरवला, अशी ही स्थिती आहे. टॅरोचा डाव भाकितात हरवला, गंजिफाचा शोभेत.

नियमातून अर्थ

खेळ घडवण्याच्या कामात खरे शिक्षण कोठे आहे, हे एका उदाहरणाने पाहू. ४८ तासांत ७८ पानांचे नियम रचता येत नाहीत. म्हणून पहिला धडा त्यागाचा. समजा, बाराच पाने घेतली. प्रत्येक पानाचे सुलटे आणि उलटे असे दोन परिणाम ठरवले. दर खेपेस वरची दोन पाने उचलायची, एक वापरून बाद करायचे आणि दुसरे उलटे करून कॅटाच्या तळाशी ठेवायचे. एवढाच नियम.

याचा परिणाम पाहा. पहिल्या सहा खेपांत बाराही पाने दिसून जातात. येथपर्यंत दैवाचा अंमल. त्यानंतर उरलेली सहा पाने खेळणाऱ्याने स्वतःच नाकारलेली असतात, आणि त्याने ज्या क्रमाने नाकारली त्याच क्रमाने, पण उलट्या रूपात, ती समोर येतात. अकराव्या खेपेनंतर एकच पान उरते. ते निमूटपणे स्वीकारावे लागते. कोसळणाऱ्या मनोऱ्याचे पान टाळत राहिलात, तर शेवटी तेच हाती येईल. टाळलेले संकट परतून येते, हे येथे कोणी प्रवचन देऊन सांगत नाही. नियमच ते सांगतो. खेळ चांगला की वाईट, हे चित्रांवरून ठरत नाही, ते या जागी ठरते. यासाठी आरंभी संगणकही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे बारा तुकडे कापून घरातल्या माणसांसोबत डाव मांडून पाहिला, तरी नियमाची कसोटी लागते.

भाकीत आणि खेळ यांतील भेदही येथेच स्पष्ट होतो. भाकितात पत्ता बोलतो आणि माणूस ऐकतो. खेळात पत्ता येतो आणि माणूस ठरवतो. तोच पत्ता, तेच चित्र. पण एक माणसाला परावलंबी करते, दुसरे त्याच्या बुद्धीला आवाहन करते.

आक्षेप आणि मर्यादा

जुगाराचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबांची वाताहत केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली. परंतु त्याच कायद्याने पैशाविना खेळल्या जाणाऱ्या खेळांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. हा विवेक पालकांनीही करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘बलात्रो’ हा खेळ कॅनडातील एका एकट्या तरुणाने घडवला. त्यात पोकरचे हात आहेत आणि टॅरोची २२ पानेही आहेत, पण पैशाची पैज नाही. तरीही युरोपच्या मानांकन संस्थेने त्याला प्रौढांचा खेळ ठरवले होते. अपिलानंतर २०२५ मध्ये ती मर्यादा १२ वर्षांवर आणली गेली. बाह्य रूपावरून निर्णय देण्याची चूक जाणकारांकडूनही होते, हाच याचा बोध.

तरुणांनाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. दोन रात्री जागून प्रकृती बिघडवण्यात पुरुषार्थ नाही. लहान खेळ वेळेत पूर्ण करणे हे मोठा खेळ अर्धवट सोडण्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ. आणि कोणत्याही डावावर टॅरोची चित्रे डकवली म्हणजे टॅरोचा खेळ होत नाही. पामेला स्मिथची मूळ चित्रे आता ब्रिटनमध्येही स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहेत. मात्र इतरांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांना तो नियम लागू नाही. दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखणे हाही या विद्येचाच भाग आहे.

जो तरुण आज टॅरोच्या बारा पानांवर नियम रचायला शिकेल, तोच उद्या गंजिफाच्या १२० पानांचा हरवलेला डाव नव्या पिढीच्या हाती देऊ शकेल. त्यासाठी घरातून त्याला दोन दिवसांची मोकळीक मिळाली पाहिजे आणि खेळ तयार झाल्यावर तो मन लावून खेळून पाहणारी, त्यातील उणिवा प्रेमाने पण स्पष्टपणे सांगणारी वडीलधारी माणसे मिळाली पाहिजेत. एवढे तरी आपण निश्चित करू शकतो.