डब्यातले बी

आमच्या घरामागे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. शहरात तिला परसबाग म्हणतात, इकडे झाडीपट्टीत सांदवाडी. चंद्रपूरचा उन्हाळा आपण वर्तमानपत्रांतून वाचलेलाच असतो. मे महिन्यात पारा सत्तेचाळिसाच्या घरात गेला, की सांदवाडीत गवताची काडीदेखील उरत नाही.

यंदा सुट्टीत पुण्याहून आठ वर्षांची नात आली. फळीवरचा पत्र्याचा डबा एके दिवशी तिने शोधून काढला. आत राखेत मुरवलेल्या वालाच्या बिया होत्या.

"आबा, हे काय?"

"तुझ्या आजीचं बी."

सौ.चे माहेर गडचिरोलीचे. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात तिने माहेराहून मूठभर वाल आणला आणि पुढे दरवर्षी त्यातलेच बी धरले. तीन वर्षांपूर्वी ती गेली. डबा राहिला.

"मग पेरलं का नाही?"

मी म्हटले, "उगवलं नाही तर?"

तिला हे उत्तर मुळीच पटले नाही. मृगाची पहिली सर येऊन गेली होती आणि तिची शाळा उघडायला आठ दिवस होते. अखेर नऊ बिया मोजून घेतल्या, रात्रभर भिजवल्या आणि बांबूच्या मांडवाखाली आळी करून लावल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काय! बाईसाहेब काडीने माती उकरीत बसलेल्या. एका बीला बारीकसा पांढरा मोड आला होता, तो तिच्या बोटांत मोडला. मी ओरडलो. जन्मात कधी तिच्यावर ओरडलो नव्हतो. ती माजघरात जाऊन रडत बसली.

दुपारी मीच विचार करीत पडलो. बी जिवंत आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिने ते उकरले, हा तिचा अपराध. जिवंत नसेल या भीतीने मी तीन वर्षे ते मातीला लावलेच नाही, तो कोणाचा? आणखी दोन-चार वर्षे गेली असती, तर डब्यातल्या डब्यातच सगळे मेले असते.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट सांगितली. आमच्याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले, नांदेड फकिरी गावचे हे शेतकरी. जमीन दीड एकर. १९८३ साली भाताच्या पिकात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या. पण पुढच्या वर्षी पेरल्याही, आणि रानडुकरांनी नासू नये म्हणून भोवती काटेरी कुंपण घातले. वर्षानुवर्षे निवड करीत त्यांनी जो तांदूळ तयार केला, तोच घड्याळाचे नाव मिळालेला आपला 'एचएमटी'. दादाजी २०१८ साली वारले. तांदूळ घरोघरी शिजतो आहे.

"म्हणजे जपायचं, पण पेरायचंही," ती म्हणाली. मी गप्प बसलो. माझे वाक्य तिने घेतले होते.

नऊपैकी तीन वेल धरले. ती पुण्याला गेली आणि दर रविवारी दूरध्वनीवर एकच प्रश्न: "फूल आलं?" श्रावण गेला, भाद्रपद गेला, वेल मांडव झाकून कौलांवर चढला, पण फुलाचा पत्ता नाही. मी तिला सांगे, "हा जुन्या जातीचा वाल आहे. दिवस लहान होऊ लागले, की मगच फुलतो. त्याला घाई करून चालत नाही." सांगताना माझ्याही पोटात गोळा असे, हे आता कबूल करतो.

वसुबारसेच्या सकाळी ती स्टेशनवरून आली ती थेट सांदवाडीत धावली. मांडवाच्या कडेला जांभळ्या फुलांचे दोन तुरे डोलत होते. पूजेसाठी एखादे घ्यावे म्हणून मी हात पुढे केला, तशी ती कडाडली, "तोडू नका हं, आबा! एक फूल म्हणजे एक शेंग."

या वेळी ओरडून घ्यायची पाळी माझी होती.

शेंगा वाळल्या, की निम्मे बी पुण्याला पाठवायचे असा तिचा हुकूम आहे. "सगळं एकाच डब्यात ठेवायचं नाही," म्हणाली. वाचकहो, आपल्याही घरात फळीवर असा एखादा डबा असेल. दिवाळीच्या झाडलोटीत तो हाती लागला, तर झाकण उघडून पाहा. आणि उघडताना नातवंडांना जवळ बसवा.