भिंतीतल्या पाइपची वळणं आणि आपली जयणा



गेल्या वेळी आंब्याच्या पोळीचं लिहिलं होतं, आज एकदम वायरिंगचं. हसू नका. घर बांधताना टाइल्सचा रंग आपण दहा दुकानं हिंडून ठरवतो आणि भिंतीत काय पुरलं जातंय तिकडे ढुंकूनही बघत नाही. ते पुरुषांचं आणि मिस्त्रीचं काम, असं मीही तीस वर्षं मानलं. ते चुकीचं होतं, असं माझं आताचं मत आहे.

झालं असं. आखातीज होऊन आठवडा झाला असेल. मागच्या पडवीत सूनबाई ओल्या हातानं वॉशिंग मशीनमधले कपडे काढत होती, तिला झटका बसला. जोराचा नव्हता, पण हात झिणझिणत राहिला. वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडून दाखवलं, आत दोनच वायरी. अर्थिंगची तिसरी वायर नव्हतीच! प्लगाला तीन भोकं, पण वरच्या भोकाला मागे काही जोडलेलंच नाही. घर बांधताना कुणाला तरी ती वायर पाइपातून जाईना, म्हणून त्यानं सोडून दिली आणि वरून पांढरी प्लेट लावून टाकली.

वायरमन म्हणाला, "काकू, अहो निम्म्या गावात असंच आहे. चालतंय."

मी म्हटलं, "निम्म्या गावात सून माझी नाहीये, बाळा. घाल तू."

मेन बंद करून त्यानं जुनीच एक वायर ओढून तिच्यामागे नव्या आणायचा प्रयत्न केला, तर ती मधेच तुटली. मग स्प्रिंग घातली. वायरमन लोकांची ती लांब लवचिक पट्टी तुम्ही पाहिली असेल. ती थोडी आत गेली आणि अडली. दुसऱ्या टोकानं घालावी म्हणून त्यानं पडवीतला बोर्ड पूर्ण काढला, तर पाइपच्या तोंडाशी मातीचं घरटं. कुंभारमाशीचं.

तो स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायला निघाला. मी हात धरला. आत पिल्लं असतात, चौरिंद्रिय जीव. त्याला वाटलं असणार, काकूंचं डोकं फिरलंय. पण मीच रोज प्रतिक्रमणात त्रस जीवांची क्षमा मागायची आणि मीच दुपारी घरटं फोडायला सांगायचं, हे मला जमेना. ती लाइन बंदच ठेवली, बोर्ड तसाच उघडा टांगता राहिला. तीन आठवड्यांहून जास्त दिवस आम्ही सासूसुनांनी कपडे हातानं धुतले. माझ्या मनगटाची जी दशा झाली ती वेगळीच सांगेन कधीतरी. एके दिवशी मातीला गोल भोकं पडलेली दिसली. माशा उडून गेल्या होत्या. मग रिकामी माती काढली.

स्थानकात एक ताई म्हणाल्या, "वीज म्हणजेच तेउकायाची विराधना, तिच्यात कसली आलीय जयणा?" त्यांचा मान राखून सांगते, मला हे पटत नाही. वीज आपण वापरतोच आहोत, फ्रिज आहे, मोटर आहे. मग वापरणाऱ्यानं निष्काळजी राहायचं का? खरं तर त्या घरट्याला जबाबदार मी होते. बोर्डाची प्लेट चार वर्षं सैल होती, एक स्क्रू पडलेला, मी "करू कधीतरी" म्हणत होते. तोंड बंद असतं तर माशी आत आलीच नसती. घरटं राखणं हे उशिराचं शहाणपण झालं. पाइपांची तोंडं बुचानं बंद ठेवणं ही आधीची जयणा. आपल्या राहू बेटात चहूकडे ऊस, पाटाचं पाणी, किड्यामुंग्यांना काय तोटा! चातुर्मासात तर त्या ऊब शोधत थेट बोर्डातच येतात.

आता अडलेल्या पाइपाकडे येऊ. मी बी.कॉम. झालेली, मला वायरिंगमधलं काही कळत नव्हतं, पण वळणांचा हिशेब ऐकला आणि लगेच उमगला, कारण ते चक्रवाढ व्याज आहे. पाइपाच्या प्रत्येक वळणावर वायर भिंतीला घासते आणि ओढायचा जोर वाढतो, पण तो बेरजेनं नाही, गुणाकारानं. उदाहरणादाखल धरा, सुरुवातीला १० किलोचा जोर आणि दर काटकोनाला दीडपट. पहिल्या वळणावर १५, मग साडेबावीस, मग जवळजवळ ३४, चौथ्याला ५० च्या वर आणि पाचव्याला ७६. आमच्या पाइपाला नेमकी पाच वळणं, मधे एकही बॉक्स नाही, आणि वळणंही गोलसर बेंडची नव्हेत, आखूड एल्बोची. पाइप पाऊण इंची. कुठून जाणार वायर? अमेरिकेच्या वायरिंग नियमांत दोन बॉक्सांमध्ये एकूण ३६० अंशांपेक्षा जास्त वळण चालत नाही, म्हणजे चारच काटकोन. आणि दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर पाइपाचा ४० टक्केच भाग भरायचा, बाकी रिकामा.

वायरमन म्हणत होता, पूर्ण भिंतीला झिरी मारू. म्हणजे हजारोंचा खर्च, आणि टाइल्स पुन्हा त्याच रंगाच्या मिळणार नाहीत. मी विचारलं, "स्प्रिंग किती आत गेली?" त्यानं अडली तिथे बोटानं धरून बाहेर काढली, मोजली, ११ फूट. तेवढंच माप भिंतीवर पाइपाच्या वाटेनं धरलं आणि खूण केली. तिथे वीतभर फोडलं. बरोबर तिसरा एल्बो! तो कापून तिथे बॉक्स बसवला, अडकलेला जुना तुकडा तिथूनच निघाला. आता एका बाजूला दोन वळणं, दुसऱ्या बाजूला दोन. मधे मुद्दल फेडून खातं नव्यानं सुरू केल्यासारखं.

वायर घालायची ती वळणं जवळ असलेल्या टोकाकडून आणि ओढायची लांबच्या टोकानं, हे त्यानंच शिकवलं. जोर कमी असतानाच वळणं पार पडली की गुणाकार छोट्या रकमेचा होतो. वायरींची टोकं एकदम न बांधता मागेपुढे बांधली, म्हणजे गाठ निमुळती होते, वर चिकटपट्टी. त्याच्या पोराला तेल लावायचं होतं, मी नाही म्हटलं. तेल चिकट होतं आणि मुंग्यांना आमंत्रण. संगजिऱ्याची पूड लावली. तिन्ही वायरी पंधरा मिनिटांत आल्या. हिरवी अर्थिंगची वायर बाहेर आलेली बघून सूनबाईनं हात जोडले, कोणाला ते मी विचारलं नाही. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घेतला, तो महिन्यातून एकदा बटण दाबून मी तपासते.

बायांनो, प्लास्टरच्या आधी एक दिवस साइटवर जा. पाइप एक इंची घ्यायला लावा, दोन वळणांमागे एक बॉक्स मागा, एल्बो दिसला की बदलायला सांगा. प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरून. एक रिकामा पाइप जादा टाकून त्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवा, उद्या काही लागलं तर. दोन्ही टोकांना बूच. मिस्त्री कपाळाला आठ्या घालेल. घालू दे, त्याला चहा द्या.

दिवाळीनंतर धाकट्या जावेकडे वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. मला बोलावणं मुहूर्ताच्या पेढ्यांचं आलंय. मी मोजपट्टी आणि बुचांची पिशवी घेऊन जाणार आहे, जावेला अजून सांगितलेलं नाही.